हेल्मेटमधला माइक

"शिरगुप्पे, पाय आत घ्या, न्हाईतर दार लावतो तसंच," उदय इंगवले बाहेरून म्हणाला.

मी घेतले असते, पण आत जागा नव्हती. रेसच्या गाडीला बाहेरून जेवढं चिकटवलेलं असतं तेवढंच आतून काढून टाकलेलं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. मागची सीट नाही, छताचं अस्तर नाही, दाराची काच खाली घ्यायचा दांडा नाही. होता तो फक्त मनगटाएवढ्या जाड पाइपांचा पिंजरा. गाडी उलटली तर आतली दोन माणसं चपटी होऊ नयेत म्हणून. त्या पिंजऱ्यात डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत मी माझा व्हिडिओ कॅमेरा सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधत होतो. खांद्यावर घ्यायचा कॅमेरा, अख्खी व्हीएचएस कॅसेट पोटात घेणारा. तोवर त्याने चारशे लग्नं पाहिली होती. खड्ड्यातून पळायची पाळी त्याच्यावर आली नव्हती. माझ्यावरही नव्हती, पण मला हा उद्योग उत्साहाच्या भरात हो म्हटल्यामुळे करावा लागत होता.

"हलणार न्हाई न्हवं?" उदयनं विचारलं.

"कॅमेरा हलणार नाही. गाडी हलली तर मी जबाबदार नाही."

ही सत्त्याण्णव सालच्या एप्रिलमधली गोष्ट. कोल्हापुरात, उद्यमनगरात, उदयच्या वडिलांच्या फाउंड्रीमागे त्याचं गॅरेज होतं. फाउंड्रीत वडील लोखंड वितळवायचे आणि मागे मुलगा टायर. गंगावेशीत माझं 'मंगलमूर्ती व्हिडिओ शूटिंग' होतं. उदयचं लग्न मीच चित्रित केलं होतं आणि त्यात तो बरा दिसला होता, एवढ्या भांडवलावर त्याने मला बोलावलं. त्यांच्या मोटार क्लबचा मे महिन्यात समारंभ होता. गाडीच्या आतून रस्ता कसा दिसतो, हे त्याला पडद्यावर दाखवायचं होतं.

"अ... अण्णा, हे." कुणीतरी स्पंजचा तुकडा आत सरकवला.

तो दिगू. दिगंबर सासने. उदयचा मेकॅनिक, आणि शर्यतीत त्याच्या शेजारी बसून वही वाचणारा. कॅमेऱ्याच्या बुडाखाली धक्के झेलायला काहीतरी हवं, असं मी सकाळी म्हणालो होतो, तर हा घरी जाऊन स्वतःची गादी कापून घेऊन आला होता.

वही वाचणं म्हणजे काय, ते सांगतो. शर्यतीच्या आधी दोघं त्या रस्त्यावरून सावकाश जातात आणि प्रत्येक वळण वहीत उतरवतात. डावं की उजवं, किती आवळ ते आकड्यात, पुढे खडी आहे का चढ. मग शर्यतीत शेजारचा ते मोठ्याने वाचत जातो आणि चालवणारा नुसता त्याच्या आवाजावर गाडी फेकतो. कारण वळणापलीकडचं त्याला दिसत नसतं. थोडक्यात, उदयचे डोळे दिगूच्या तोंडात होते.

आणि दिगू तोतरा होता. साधं "चहा घेणार का" विचारायला त्याला एवढा वेळ लागायचा की, समोरचा हो म्हणून मोकळा व्हायचा. अख्ख्या उद्यमनगराला त्याची वाक्यं पुरी करायची सवय लागली होती. तो "पा..." म्हणाला की कुणी पाना द्यायचं, कुणी पाणी. त्याला हवं ते मिळेपर्यंत तो नुसता मान हलवायचा.

"उदय, हा वाचणार?" दिगू पाणी आणायला गेल्यावर मी हळूच विचारलं.

"तीन वर्सं वाचतोय."

"आणि तू अजून जिवंत?"

"बघा की," उदय म्हणाला.

पहिली चाचणी आम्ही फाउंड्रीमागच्या माळावर घेतली. चित्र बरं आलं. आवाज मात्र गिरणीत बसून घेतल्यासारखा. इंजिन, दगड, पत्रा, आणि त्यात मधूनच माणसासारखं काहीतरी. दुसऱ्या चाचणीत मी कॅमेऱ्याच्या माइकवर मोजा चढवला. गिरणीवर मोजा चढवल्यासारखा आवाज आला. सबंध दुपार याच्यात गेली. मग मला भटजींची आठवण झाली.

लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी मी भटजींच्या उपरण्याला कॉलरचा छोटा माइक लावायचो. भोवती बॅंड असो, फटाके असोत, भटजी स्वच्छ ऐकू यायचे. तोच माइक काढला. दिगूच्या हेल्मेटमधलं गालाजवळचं फोम थोडं कापून त्यात माइक बसवला, तोंडापासून दोन बोटं बाजूला, नाहीतर श्वासाचे फुत्कार येतात. वायर मानेमागून, पट्ट्याखालून, पिंजऱ्याच्या पाइपाला चिकटपट्टीने बांधत कॅमेऱ्यापर्यंत नेली. कॅमेऱ्यातली पिन हादऱ्याने सुटू नये म्हणून भटजींच्याच नाडाछडीने आवळली. बॅटरी धक्क्याने हलते म्हणून तिच्यामागे काडेपेटीचा पुठ्ठा सारला.

"आता बोल काहीतरी," मी दिगूला म्हणालो.

"का... का..."

"काय बोलू? काहीही बोल."

त्याने मान हलवली. तो वेगळंच काही विचारत होता, पण मला घाई होती.

गाडी माळावर चार चकरा मारून आली. मी कॅसेट मागे घेतली, कानाला हेडफोन लावले, आणि ऐकलं.

"डावं चार, लांब. उजवं दोन, आवळतंय, आत खडी, कापू नको. ऐंशी सरळ. टेकाड, उडंल, डावीकडं धर. डावं तीन."

कुठे खळ नाही, कुठे अडखळ नाही. पाण्यासारखं.

"हा कोण?" मी हेडफोन काढून विचारलं.

"कोण म्हंजे? दिग्या," उदय म्हणाला.

दिगू हेल्मेट काखेत धरून जमिनीकडे बघत हसत होता. "गा... गाडी पळाय लागली की, अ... अण्णा..."

"अडखळत नाहीस."

त्याने मान हलवली. त्याला हेच म्हणायचं होतं की आणखी काही, ते देव जाणे.

मग तो आत बोल्ट आवळायला गेला आणि उदय माझ्याशेजारी येऊन टायरवर बसला.

"शिरगुप्पे, एक काम हाय. समारंभाचं राहू दे. शर्यतीच्या कॅसेटची एक कॉपी तिच्या मूळ आवाजासकट दिग्याला द्यायची. गाणंबिणं काय न टाकता. त्याच्या आबांस्नी ऐकवायचीय."

"शामरावांना?"

"त्येच."

शामराव सासने, दिगूचे वडील. चार जिल्ह्यांत कुस्तीचं मैदान असलं की माइकवर शामराव. मी स्वतः दोन जत्रांत त्यांना ऐकलं होतं. पट कधी काढला, कोण वर आला, कुणाची मान कुठे अडकली, हे त्यांच्या तोंडून ऐकताना डोळे मिटून घेतले तरी चालायचे. कुस्ती लागायच्या आधी ते उजवा तळहात नुसता वर करायचे आणि वीस हजार माणसं गप्प व्हायची.

दिगू अकरा वर्षांचा असताना त्यांनी एका जत्रेत त्याच्या हातात माइक दिला होता. पैलवानाचं नाव फक्त पुकारायचं होतं. दिगू पहिल्याच अक्षरावर अडकला. भोंग्यातून ते अक्षर सात-आठ वेळा मैदानावर गेलं. लोक आधी हसले, मग शिट्ट्या आल्या. शामरावांनी तळहात वर केला. मैदान गप्प झालं, दिगूही. त्यांनी माइक काढून घेतला आणि पुढची कुस्ती पुकारली. त्यावर घरात ना ते काही बोलले ना हा. पण त्यानंतर दिगू बोलायला लागला की शामराव तोच तळहात वर करायचे. रागाने नव्हे. असू दे, त्रास घेऊ नकोस, अशा अर्थानं.

"आन् आता त्यांचंच नरडं कापलंय," उदय म्हणाला. "थंडीत ऑपरेशन झालं. पाटीवर लिवत्यात. कान तेवढे शाबूत हायत. डॉक्टर म्हणतोय, पाऊस बघतील असं वाटत न्हाई."

दिगू पाना घेऊन बाहेर आला. आमच्या तोंडाकडे बघून त्याला विषय कळला. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"आ... आबांना... ए... एकदा..."

"ऐकवू की," मी म्हणालो. "काळजीच करू नकोस."

शर्यत एप्रिलच्या शेवटच्या रविवारी होती, गगनबावड्याकडच्या एका मातीच्या रस्त्यावर. गाडी सुटायच्या आधी मी दिगूच्या गालाजवळचा माइक तीनदा चाचपला. त्याला गुदगुल्या झाल्या असाव्यात. अकरा मिनिटांचा टप्पा होता. मी दुसऱ्या टोकाला धुळीत उभा राहिलो. गाडी आली, थांबली, आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा अजून जळत होता. चारशे लग्नांत तो दिवा बघून मला एवढा आनंद झाला नव्हता.

ते चौथे आले. उदयने टायरला लाथ मारली आणि मग त्याच पायावर लंगडत फिरला. दिगूला नंबराशी काही घेणं नव्हतं.

"आ... आला?"

मी हेडफोन लावून अर्धा मिनिट ऐकलं. "आला."

दुकानात जाऊन मी ती अकरा मिनिटं पूर्ण ऐकली. काम म्हणून लावली होती, नंतर खुर्ची पुढे ओढून बसलो. हा नुसता वळणं वाचत नव्हता. हा शामरावांचा ठेका होता. आधी दबकत, मग चढत, मोक्याच्या जागी एक क्षण थांबून पुढचा शब्द टाकायचा. पोराने बापाचं सगळं उचललं होतं. कधी, कसं, देव जाणे. घरात तर त्याला एक वाक्य पुरं करू दिलं गेलं नव्हतं. सातव्या मिनिटाला गाडी घसरते. चित्रात रस्ता जाऊन नुसती दरीकडची झाडं येतात. उदय एक शिवी हासडतो. आणि दिगूचा आवाज, तसूभरही न हलता, "काय झालं न्हाई. उजवं तीन. चल."

ते मी तीनदा ऐकलं.

मग कॅसेट काढली, पट्टी चिकटवली आणि वर ठळक लिहिलं: 'मूळ. हात लावू नये.'

आता माझ्या धंद्याविषयी थोडं सांगायला हवं.

लग्नाच्या कॅसेटमध्ये खरा आवाज कुणालाही नको असतो. मुलीचा मामा मठ्ठ्याबद्दल काय बोलला, नवऱ्याची आत्या साडीच्या पोताबद्दल काय बोलली, अक्षता टाकताना मागच्या रांगेत कुणाच्या जमिनीचा व्यवहार चालला होता, हे सगळं माइक इमानदारीने टिपतो. सुरुवातीला मी ते तसंच देत असे. दोन घरांत सोयरीक तुटता तुटता राहिली. तेव्हापासून एकच पद्धत. कॅसेट मशीनमध्ये घालायची, एक बटण दाबायचं. चित्र राहतं, आवाज पुसला जातो आणि त्याजागी सनई चढते. वेगळी कॉपी काढून मग सनई टाकायची, असं पुस्तकात लिहिलेलं असेल. मी मूळ कॅसेटवरच टाकत असे. एक कॅसेट वाचायची, आणि मामा कायमचा गप्प. कुणी विचारलंच तर माझं वाक्य ठरलेलं होतं. "ऐकवण्यासारखं नव्हतं हो, म्हणून सनई टाकली." हे ऐकलं की गिऱ्हाईक माझा हात हातात घेत असे. आपल्या घरातलं काहीतरी या माणसाने झाकलं, हे त्याला न सांगता कळायचं.

मे महिना उजाडला. त्या वर्षी मुहूर्तांचा नुसता पाऊस होता. टेबलावर एकवीस कॅसेटी रचलेल्या. दिगूची कॉपी काढायला दुसरं मशीन मोकळं मिळत नव्हतं, म्हणून तीही तिथेच पडून होती. रविवारी सकाळी त्यांच्या घरी दाखवायचं ठरलं होतं. शनिवारी दुपारी मी जेवून आलो, पंख्याखाली बसलो, आणि तव्यावर भाकरी टाकावी तशी एकेक कॅसेट मशीनमध्ये टाकत गेलो. घालायची, बटण दाबायचं, सनई. काढायची, दुसरी. डोळे टेबलावरच्या पेपरात. तिसऱ्या की चौथ्या कॅसेटला मशीन बऱ्यापैकी लवकर थांबलं. आटोपशीर लग्न दिसतंय, असं मनात आलं. कॅसेट काढली, 'सनई टाकली' अशी खूण करायला पेन घेतलं, आणि पट्टीवर माझंच अक्षर दिसलं.

'मूळ. हात लावू नये.'

मी ती परत मशीनमध्ये घालून लावली. धूळ उडत होती, वळणं अंगावर येत होती, आणि सनई वाजत होती. सातव्या मिनिटाला गाडी घसरली. झाडं आली. सनई वाजतच होती.

एकदा पुसलेला आवाज परत येत नाही. हे मीच गिऱ्हाइकांना दिलासा म्हणून सांगायचो. माळावरची चाचणीही उरली नव्हती; शर्यत त्याच कॅसेटवर घेतली होती.

मी स्कूटर काढली आणि उद्यमनगरात गेलो. खरं सांगायचं म्हणूनच गेलो होतो. उदय कामासाठी पुण्याला गेला होता. दिगू एकटाच होता. अंघोळ करून, नवीन शर्ट घालून, तो आधीच दुसऱ्या दिवसात जाऊन बसला होता.

"अ... अण्णा, तालमीतले स... समदे येणार. आई जि... जि..."

"जिलेबी?"

त्याने मान हलवली. मग स्वतःहून पुढे म्हणाला, "आबांनी पाटीवर लि... लिवलं. 'बघूया.'"

मी म्हणालो, "बरं बरं." आणि स्कूटर वळवली. वाटेत थांबून कॅसेटवरची पट्टी नखाने खरवडून काढली. हे मी अजूनपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळी मी मनातल्या मनात वीज जाण्याची वाट बघत होतो. त्या मे महिन्यात ती रोज जात होती. त्या दिवशी गेली नाही.

शामराव कॉटवर उशीला टेकून बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर मुलांची असते तशी पाटी. भिंतीवर खिळ्याला त्यांचा जुना माइक टांगलेला, त्यावर मोत्याची झालर पांघरलेली. तालमीतले सहा-सात जुने पैलवान दाटीवाटीने खाली बसले होते. दिगूची आई दारात उभी होती. दिगूने टीव्ही आबांच्या अगदी जवळ ओढला आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

सनई एवढी मोठ्याने लागली की, खिडकीतलं मांजर उडी मारून पळालं.

अर्धा मिनिट कुणालाच काही वाटलं नाही. सुरुवातीला असं काहीतरी असतंच, असा सगळ्यांचा समज. मग पहिलं वळण आलं, दुसरं आलं. पडद्यावर उजव्या बाजूला उदयचं हेल्मेट आणि डाव्या बाजूला दिगूचं, दोन्ही पाठमोरी. तोंड दिसत नव्हतं. ओठ हलताना तरी दिसले असते तर.

दिगू माझ्याकडे वळला. "आ... आवाज?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शामरावसुद्धा. मी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यातून दहा वर्षांच्या सवयीचं वाक्य बाहेर पडलं.

"ऐकवण्यासारखा नव्हता रे. म्हणून सनई टाकली."

दिगू माझ्याकडून मान वळवून टीव्हीकडे बघायला लागला. मला वाटलं, सुटलो.

शामरावांनी पाटीवर लिहिलं आणि दिगूसमोर धरली. 'गाडी कोण चालवतंय?'

"उ... उदय."

पाटी पुसून परत लिहिलं. 'मग तू काय करतोस?'

दिगू त्यांच्या कॉटसमोर उकिडवा बसला. "सां... सां..." मानेच्या शिरा ताठल्या. "सां..." मागे सनई अशी रंगात आली होती की, जणू कुणीतरी सप्तपदी चालत होतं. एक पैलवान खाकरला. मी एकटाच ते वाक्य पुरं करू शकलो असतो. रस्ता सांगतो. एवढंच. सगळ्यांची सगळी वाक्यं पुरी करणारा मी, त्या दिवशी गप्प बसलो. कारण त्यापुढचा प्रश्न मला आला असता.

शामरावांनी तळहात वर केला.

दिगू थांबला. पडद्यावर गाडी दरीकडे घसरली, झाडं आली, गेली. शामराव शेवटपर्यंत बघत राहिले. मग पाटी पुसली, बराच वेळ घेऊन लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल अशी फिरवली.

'सनई बरी हाय. हलगी पायजे हुती.'

पैलवान हसले. हसायला कारण मिळाल्याबद्दल ते शामरावांचे आभारी दिसत होते. दिगूच्या आईने जिलेबी आणली. मी दोन खाल्ल्या.

शामराव त्यानंतर अठरा दिवसांनी गेले. पाऊस अजून सुरू व्हायचा होता.

क्लबच्या समारंभात सनईवरची गाडी लोकांना फार आवडली. मुद्दाम विनोद केला, असं त्यांना वाटलं. उदय मात्र बाजूला घेऊन म्हणाला, "दिग्या बसंना गाडीत. म्हणतोय, चष्मा लागलाय, वही दिसत न्हाई." चष्मा मी पाहिला नव्हता, पण मला तो लगेच दिसला. काही गोष्टींवर विश्वास ठेवणं सोयीचं असतं. पुढच्या वर्षी उदयने गाडी विकली. मी गंगावेशीतून उद्यमनगरात जायचे दोन रस्ते विसरलो.

नऊ वर्षं गेली. लग्नं कॅसेटवरून सीडीवर गेली आणि माझ्या दुकानात मोबाइलची रिचार्ज कार्डं आली. एका दुपारी उचगावच्या रस्त्याला माझी स्कूटर बंद पडली. ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. आतून दिगू बाहेर आला. केस पिकले होते. चष्मा नव्हता.

"अ... अण्णा!"

त्याने स्टूल पुसून मला बसवलं, प्लग काढला आणि घासायला लागला. घासता घासता खाली मान घालून बोलायला लागला. त्या दिवशी मी एकही शब्द त्याच्या तोंडून काढून घेतला नाही. बोलून होईपर्यंत प्लग घासून, बसवून, स्कूटर सुरू होऊन बंदही झाली होती. तो जसा बोलला तसं लिहिलं तर कागद पुरणार नाही. सरळ करून लिहितो.

"अण्णा, तुमचे लई उपकार हायत. कधी बोललो न्हाई. त्या दिवशी तुमी सनई टाकली म्हणून निभावलं. मला वाटायचं, गाडीत मी सरळ बोलतोय. इंजिनाच्या दणक्यात आपलं आपल्याला ऐकू येत न्हाई बघा. तुमी म्हणला ऐकवण्यासारखा न्हवता, तवा कळलं. माळावर जमलं असंल, खऱ्या शर्यतीत मी तसाच. तालमीतल्या लोकांपुढं ते लागलं असतं तर आबांनी डोळं मिटून घेतलं असतं. तुमी झाकलं."

मी स्टूल त्याच्या जवळ ओढलं.

"उदयला विचारलं नाहीस?"

"विचारलं की. म्हणला, मोत्यासारखं बोलतोस. दोस्त हाय, दुसरं काय म्हणणार."

"म्हणून बसायचं सोडलंस?"

"त्याचा जीव माझ्या बोलण्यावर हुता, अण्णा. उगंच कशाला."

रस्त्यावरून एक ट्रक गेला. तो जाईपर्यंत मी थांबलो, आणि मग मला थांबायला आणखी काही मिळालं नाही.

"दिगू, ते... तसं नाही. तुझा आवाज... मी त्या दिवशी..." मला वाक्य सापडेना. "होता. स्वच्छ होता. अकरा मिनिटं. तू एकदाही... मी पुसला. माझ्या हातून... सनईचं बटण... तू म्हणतोस तसं... गाडी घसरली तेव्हा तू म्हणालास, काय झालं..."

दिगू माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. हात हातात घेणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर जे असायचं, तेच होतं. हा भला माणूस अजून आपलं झाकतोय.

त्याने ग्रीस लागलेला उजवा तळहात वर केला.

मी थांबलो.

"अ... असू दे, अण्णा," तो म्हणाला. "सनई ब... बरी हुती."